अर्ध्या टक्क्याची खात्री

प्रिय चिऊ,



लिनक्सच्या कर्नलसाठी लिहिलेला तुझा पॅच सावकाश वाचला. पॅकेट आत येतानाच्या वाटेवर प्रत्येक पॅकेटमागे एक तपासणी उगाचच होत होती, ती तू बाहेर काढलीस. ज्या दोन फील्ड नेहमी एकापाठोपाठ वाचल्या जातात, त्या शेजारी-शेजारी आणल्यास. कोड स्वच्छ आहे, नावं नेमकी आहेत. फार कौतुक वाटलं. मात्र वर्णनाच्या शेवटच्या ओळीशी मी थांबलो. ‘यामुळे वेग 0.9 टक्क्यांनी वाढतो’ असं तू लिहिलं आहेस. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. तुझी परवानगी घेऊन ते छापायला देतो आहे, कारण विरार, नालासोपारा, वसईच्या घरांमधून असलं काम करणारी तू एकटी नसणार, आणि मराठीत या विषयावर फारसं कुणी लिहीत नाही.

0.9 टक्के म्हणजे काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. ज्याला असं वाटतं त्याने एकदा पॅकेटचा हिशेब मांडून पाहावा. दहा गिगाबिटच्या तारेवर सगळ्यात लहान इथरनेट फ्रेम 64 बाइटची. तिच्या आधीची 8 बाइटची प्रस्तावना आणि दोन फ्रेममधली 12 बाइटची सक्तीची मोकळी जागा धरली, की तारेवर ती 84 बाइट व्यापते. म्हणजे सेकंदाला 1 कोटी 48 लाख 80 हजार पॅकेटं, आणि एका पॅकेटच्या वाट्याला येतात 67.2 नॅनोसेकंद. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे जेमतेम दोनशे ठोके. हवी ती माहिती प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीत, म्हणजे कॅशमध्ये, सापडली नाही आणि मुख्य मेमरीपर्यंत एक खेप करावी लागली, तर तेवढ्यातच यातला बहुतेक वेळ संपतो. शंभर गिगाबिटच्या कार्डावर तर हातात फक्त वीसेक ठोके उरतात. अशा ठिकाणी दोन ठोके वाचवणं ही मोठी गोष्ट आहे. शिवाय हा कोड एका यंत्रावर चालत नाही. लिनक्सचा कर्नल प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे, म्हणजे संध्याकाळच्या विरार लोकलच्या एका डब्यात त्याच्या किती प्रती एकाच वेळी पॅकेटं उघडत असतील याचा विचार कर. म्हणून छोट्या सुधारणेबद्दल मला आदर आहे. त्या आदरापोटीच ती खरी आहे की नाही, हे कसोशीने पाहावंसं वाटतं.

वेळ कुठे जातो हे मोजणाऱ्या पर्फचा अहवाल तू सोबत जोडलास, ते फार बरं केलंस. त्यात तू बदललेलं फंक्शन प्रोसेसरच्या एकूण वेळातला साधारण अर्धा टक्का घेताना दिसतं. आता तूच सांग, अर्धा टक्का वेळ घेणारं काम तू पूर्णपणे नाहीसं केलंस, अगदी शून्यावर आणलंस, तरी लाभ अर्ध्या टक्क्याच्या वर कसा जाईल? तुझ्या हाती आलेले 0.9 टक्के त्या फंक्शनमधून आलेले असू शकत नाहीत. शक्यता दोन. एक, फील्ड हलवल्यामुळे दुसरीकडे कुठेतरी कॅशला फायदा झाला. तसं असेल तर तो शोधून दाखवायला हवा, आणि पॅचचं वर्णनही मग वेगळं होईल. दोन, तो आकडा निव्वळ चढउतार आहे.

पहिली शक्यता मी हसण्यावारी नेत नाही. मार्च 2024 मध्ये आलेल्या लिनक्स 6.8 मध्ये गुगलच्या अभियंत्यांनी नेटवर्कच्या मुख्य रचनांमधल्या फील्ड नव्याने लावल्या. जे एकत्र वाचलं जातं ते 64 बाइटच्या एकाच कॅश-लाइनमध्ये, आणि ज्यावर वारंवार लिहिलं जातं ते त्यापासून दूर. एवढ्या एका फेरमांडणीने, खूप जोडण्या एकाच वेळी चालू असताना, काही यंत्रांवर टीसीपीची कामगिरी 40 टक्क्यांपर्यंत सुधारल्याची नोंद आहे. तेव्हा जागा बदलल्याने फरक पडतो, यात वाद नाही. तुझ्या बाबतीत तो पडला आहे का, एवढंच विचारायचं आहे.

आता दुसरी शक्यता. तू लिहितेस की जुन्या कर्नलच्या फेऱ्या दुपारी झाल्या, मग नवा बांधून यंत्र पुन्हा सुरू केलंस आणि त्याच्या फेऱ्या रात्री जेवणानंतर. विरारची मे महिन्यातली दुपार मला ठाऊक आहे. खोली तापलेली, हवेत दमटपणा, मध्येच वीज गेलेली, इन्व्हर्टरवर पंखा मंद फिरतोय. प्रोसेसर तापला की तो स्वतःचा ठोका आपणहून कमी करतो, आणि गार असला की ठरलेल्या वेगाच्याही वर पळतो. रात्री अर्नाळ्याकडून वारा सुटल्यावर तेच यंत्र वेगळं वागणार. तुझ्या आकड्यांत जुना आणि नवा कोड यांतला फरक आहे, तसाच दुपार आणि रात्र यांतलाही आहे, आणि दोन्ही एकमेकांत असे मिसळलेत की कितीही हिशेब केला तरी वेगळे काढता येणार नाहीत.

यावरचा उपाय आपल्या घरातच आहे. आगाशीच्या घरी आजोबांच्या कपाटात पानसे आणि सुखात्मे यांचं इंग्रजी पुस्तक होतं, शेतीत काम करणाऱ्यांसाठी लिहिलेलं संख्याशास्त्राचं. भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते 1954 साली काढलं आणि शेतकीच्या विद्यार्थ्यांच्या कैक पिढ्या त्यावर शिकल्या. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे लंडनला जाऊन शिकले आणि 1951 पासून वीस वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचं खातं सांभाळत होते. त्या शास्त्राची शिकवण अशी: केळीच्या दोन वाणांपैकी कोणतं जास्त देतं हे पाहायचं, तर एक वाण विहिरीजवळ आणि दुसरं वाडीच्या खारट टोकाला लावून चालत नाही. जमिनीचे लहान गट पाडायचे, प्रत्येक गटात दोन्ही वाणं लावायची, आणि कोणतं कुठे हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. मग जमिनीचा गुण दोघांच्या वाट्याला सारखा येतो. तुझ्या यंत्राची जमीन म्हणजे वेळ. जुना, नवा, नवा, जुना अशा जोड्या लाव, प्रत्येक जोडीतला क्रम नाणं उडवून ठरव, आणि फरक जोडीच्या आत काढ. दुपार झाली तर दोघांची होईल, वारा सुटला तर दोघांवर.

सुखात्म्यांचं आणखी एक काम तुझ्या कामाला अगदी लागू पडतं. चाळीसच्या दशकात देशभर पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी शेतातला एक तुकडा कापून वजन करण्याची पद्धत बसवली जात होती. तुकडा केवढा घ्यायचा, यावर वाद होता. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. लहान तुकडा स्वस्त पडतो, पटकन होतो, जास्त ठिकाणी घेता येतो. सुखात्म्यांनी 1946 च्या सुमारास आकडे मांडून दाखवलं की फार लहान तुकडे उत्पन्न पद्धतशीरपणे फुगवून सांगतात. कारण साधं आहे. कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कड मोठी आणि चूकही मोठी. असे लहान तुकडे हजारो घेतले तरी ही चूक जात नाही, कारण प्रत्येक तुकडा एकाच दिशेला चुकतो. उलट आकडा जास्त ठाम दिसू लागतो, आणि हे जास्त वाईट.

तुझी चाचणी असाच एक लहान तुकडा आहे. एकाच लांबीची पॅकेटं, एकच प्रवाह, दुसरं काहीही चालू नाही, पॅकेट आलं की लगेच फेकून द्यायचं. अशा वेळी कर्नलचा तेवढा कोड आणि तेवढी माहिती सतत कॅशमध्ये उबदार बसलेली असते. खऱ्या सर्व्हरवर दोन पॅकेटांच्या मध्ये डेटाबेस किंवा वेब सर्व्हर धावून जातो आणि कॅश आपल्या सामानाने भरून टाकतो. उबदार कॅशमध्ये मिळालेला लाभ तिथे नाहीसा होऊ शकतो, किंवा उलट, इथे न दिसलेला लाभ तिथे दिसू शकतो. लहान चाचणी टाकून दे असं मी म्हणत नाही, कारण खोडलेल्या तपासणीचे ठोके मोजायला तिच्यासारखं दुसरं साधन नाही. पण ‘वेग वाढतो’ हे वाक्य लिहायचं असेल तर मोठा तुकडाही कापावा लागेल. एखादा खरा प्रोग्रॅम चालू ठेवून, लहानमोठी पॅकेटं मिसळून, बऱ्याच जोडण्या उघडून मोज. आणि सरासरीबरोबर शंभरातल्या सगळ्यात हळू एका पॅकेटला किती वेळ लागला तेही पाहा. वापरणाऱ्याला जाणवतं ते तेवढंच.

फेऱ्या किती घ्यायच्या, हे तू विचारलं होतंस. दोन सरासऱ्यांमधला फरक बऱ्यापैकी भरवशाने पकडायचा असेल, म्हणजे 5 टक्क्यांची पातळी ठेवून दहातल्या आठ वेळा तो हाती लागावा असं वाटत असेल, तर प्रत्येक बाजूला साधारण किती फेऱ्या लागतात याचं ढोबळ गणित असं आहे: फेऱ्यांमधलं प्रमाण विचलन भागिले शोधायचा फरक, त्याचा वर्ग, गुणिले 16. समज विचलन 2 टक्के आहे आणि तू अर्ध्या टक्क्याच्या मागे आहेस. दोनाला अर्ध्याने भागलं की चार, चाराचा वर्ग सोळा, गुणिले सोळा म्हणजे प्रत्येक बाजूला 256 फेऱ्या. आता त्याच यंत्राला शिस्त लावून विचलन अर्ध्या टक्क्यावर आण. गणित एकदम 16 फेऱ्यांवर येतं. म्हणून माझा आग्रह आहे की फेऱ्या वाढवण्याआधी यंत्र शांत कर. प्रोसेसरचा ठोका एका वेगावर बांधून ठेव, ठरलेल्या वेगाच्या वर नेणारा टर्बो बंद कर, एकाच गाभ्यावर दोन धागे चालण्याची सोय बंद कर, नेटवर्क कार्डाचे इंटरप्ट ठरावीक गाभ्यांवर खिळवून ठेव, सुरुवातीचा थोडा वेळ हिशेबातून वगळ. दोन्ही यंत्रं थेट केबलने जोड, घरातल्या राउटरमधून नेऊ नकोस. मग शेवटी एकदा सगळं मोकळं सोडूनही मोज, कारण लोकांच्या यंत्रांवर टर्बो चालूच असतो.

प्रवाहांबद्दलही एक सांगायचं आहे, कारण तुझ्या आकड्यांत मला ते दिसलं. तुझ्या फेऱ्या दोन थव्यांत पडल्या आहेत, काही वरच्या, काही खालच्या, मधे फारसं कुणी नाही. आधुनिक कार्ड आलेल्या पॅकेटचे पत्ते आणि पोर्ट यांच्यावर एक हॅश काढतं आणि त्यावरून ते कोणत्या रांगेत, पर्यायाने कोणत्या गाभ्यावर जाईल हे ठरवतं. चाचणीची पॅकेटं पाठवणारा आयपर्फ प्रत्येक फेरीला नवा पोर्ट उचलतो. म्हणजे कधी पॅकेटं मोकळ्या गाभ्यावर पडतात, कधी जिथे आधीच दुसरं काम चालू आहे तिथे. हे दोन थवे तिथून आले असणार. दोन थव्यांची मिळून काढलेली सरासरी अशा जागी पडते जिथे एकही फेरी नव्हती, आणि तिच्यावरून काहीच कळत नाही. जुन्याला खालच्या थव्यात एखादी फेरी जास्त मिळाली, तर तेवढ्यानेही तुझे 0.9 टक्के तयार होतील. पोर्ट ठरवून दे, किंवा बरेच पोर्ट मुद्दाम वापर आणि दोन्ही बाजूंना तेच दे.

म्हणून आकडे आधी डोळ्यांनी पाहायचे. फ्रीबीएसडीमध्ये पॉल-हेनिंग कांप यांनी लिहिलेला मिनिस्टॅट नावाचा छोटासा प्रोग्रॅम आहे, लिनक्सवरही तो बांधता येतो. दोन फायली दिल्या की तो आधी सगळे बिंदू पडद्यावर मांडतो, मग सांगतो की 95 टक्के खात्रीने फरक दिसतो की नाही. आत गणित आहे ते 1908 चं. गिनेसच्या दारूभट्टीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी, हाती थोडेच नमुने असताना निष्कर्ष कितपत धरावा, यासाठी ते बसवलं आणि ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलं. बार्लीच्या मोजक्या वाफ्यांवरून निर्णय घ्यायचे होते, म्हणून. शेतीतून निघालेलं हे शास्त्र आज कर्नलच्या कामी येतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पण त्या प्रोग्रॅमलाही एक गोष्ट कळत नाही, आणि ती तुला माहीत असायला हवी. 2009 साली मिटकोविच, दिवान, हाउसविर्थ आणि स्वीनी या चौघांनी एक शोधनिबंध लिहिला. उघडपणे काहीही चुकीचं न करता चुकीचे आकडे कसे निघतात, हा त्याचा विषय. त्यांनी दाखवलं की एखादा प्रोग्रॅम ज्या एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल्ससह चालवला त्यांची एकूण लांबी बदलली, किंवा फायली जोडण्याचा क्रम बदलला, तरी वेग इतका बदलतो की कंपायलरची एखादी सुधारणा फायद्याची की तोट्याची हा निष्कर्षच उलटा होऊ शकतो. या फरकाला कोडमधल्या शहाणपणाशी काही देणंघेणं नाही. मेमरीत गोष्टी कोणत्या पत्त्यावर जाऊन बसल्या एवढाच तो प्रश्न. तू एक ओळ काढलीस की तिच्यामागचं प्रत्येक फंक्शन काही बाइट सरकतं, एखादं गरम लूप कॅश-लाइनच्या सीमेवर नीट बसतं किंवा दोन लाइनींत फाटतं. हा फरक हजार फेऱ्या घेतल्या तरी तसाच राहील, मिनिस्टॅट छातीठोकपणे ‘फरक आहे’ म्हणेल, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कुणाच्या पॅचने तो पुसला जाईल. तेव्हा बांधणीही बदलून पाहा. तुझ्या बदलाऐवजी तेवढ्याच बाइटची निरर्थक भर घालून एक तिसरा कर्नल बांध. त्यानेही 0.9 टक्के दिले, तर उत्तर मिळालं.

आणि या सगळ्याच्या आधी, पहिलं काम: जुन्याविरुद्ध जुनं मोज. एकच कर्नल, दोन नावं, बाकी सगळी शिस्त तीच, तीच जोड्यांची मांडणी. दोघांमध्ये फरक शून्य यायला हवा. तो अर्धा टक्का आला, तर तुझ्या मापाची धार तेवढी आहे, आणि त्याच्या आतलं काहीही तुला सांगता येणार नाही. ही फेरी कंटाळवाणी आहे, तिच्यातून दाखवण्यासारखं काही निघत नाही, म्हणून बहुतेक जण ती गाळतात. मला विचारशील तर छोट्या सुधारणेच्या कामात हिच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

पवईच्या आयआयटीतून 1981 साली शिकून बाहेर पडलेले जॉर्ज वर्गीस तुला त्यांच्या ‘नेटवर्क अल्गोरिदमिक्स’ या पुस्तकामुळे माहीत आहेतच. टोनी लॉक यांच्यासोबत त्यांनी 1987 साली टायमर-चक्राची कल्पना मांडली. टीसीपीच्या प्रत्येक जोडणीमागे काही टायमर लागतात. हजारो जोडण्या असतील तर क्रमाने लावलेल्या यादीत नवा टायमर घुसवणं महाग पडत जातं, आणि चक्रात मात्र ते काम कितीही टायमर असले तरी साधारण सारख्याच खर्चात होतं. लिनक्सचे असे टायमर आजही याच कल्पनेवर चालतात. त्या पुस्तकात वेग वाढवण्याची पंधरा तत्त्वं आहेत, ती सगळ्यांच्या लक्षात राहतात. शेजारी आठ प्रश्नही आहेत, ते मात्र वाचणारे विसरतात. हे सुधारणं गरजेचं आहे का, खरी अडचण इथेच आहे का, बाकीच्या व्यवस्थेवर काय परिणाम होईल, परिस्थिती बदलली तर लाभ उरेल का, अशा स्वरूपाचे. तू ते पुन्हा काढून वाच.

शेवटच्या प्रश्नाचं उदाहरण तुझ्या क्षेत्रातच घडलं. जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली सुरक्षेची त्रुटी उघडकीला आली. तिच्यापासून बचाव म्हणून फंक्शनच्या पत्त्यावरून होणारी अप्रत्यक्ष हाक मुद्दाम एका वळणाने पाठवावी लागली, आणि ती एकाएकी महाग झाली. नेटवर्कच्या कोडमध्ये अशा हाका पावलोपावली आहेत. मग त्याच वर्षाच्या अखेरीस पाओलो आबेनी यांनी छोटे मॅक्रो आणले: पत्ता नेहमीच्या एक-दोन फंक्शनांपैकीच आहे का ते आधी बघायचं, असला तर सरळ हाक मारायची. 2017 मध्ये कुणी हा पॅच पाठवला असता तर त्याला फारसं काही मोजून दाखवता आलं नसतं. म्हणून आकड्यासोबत प्रोसेसर, कर्नलची आवृत्ती, बचावाच्या कोणत्या सोयी चालू होत्या, हे सगळं लिहायचं असतं.

कर्नलला पॅच कसा पाठवावा, याच्या अधिकृत मार्गदर्शनातही हेच सांगितलं आहे: वेग वाढल्याचा दावा असेल तर आकडे द्या, आणि न दिसणारी किंमतही सांगा. तुझ्या पॅचची किंमत जवळजवळ काही नाही, उलट एक ओळ कमी होते. म्हणून मला वाटतं की जुन्याविरुद्ध जुन्याच्या फेरीत तुझे 0.9 टक्के बुडाले, तरी हा पॅच पाठवण्याजोगा आहे. फक्त मग वर्णन असं लिही: अनावश्यक तपासणी काढली, कोड सोपा झाला, वेगात मोजता येईल असा फरक आढळला नाही. नेटवर्कचा कोड सांभाळणारी मंडळी असं वाक्य वाचून पॅच नाकारत नाहीत. न टिकणारा टक्का वाचला की मात्र पुढच्या वेळी त्याच नावाकडे ते संशयाने पाहतात, आणि तुझ्या नावाबाबत तसं व्हावं असं मला मुळीच वाटत नाही.

पाऊस सुरू व्हायच्या आत एवढं उरकून घे. 2018 च्या जुलैत वसई-विरार पाण्यात होतं तेव्हा वीज किती वेळ नव्हती ते तुला आठवत असेलच. चाचणी अर्ध्यात तुटली तर ती अख्खी जोडी टाकून द्यायची, उरलेला अर्धा भाग वापरायचा नाही. आधी जुन्याविरुद्ध जुनं, मग निरर्थक भर घातलेला कर्नल, मग तुझा. सरासरी काढून पाठवू नकोस. प्रत्येक फेरीची ओळ, वेळ आणि प्रोसेसरचं तापमान यांसकट कच्ची फाइल पाठव. मी इथे पुण्यात स्वतंत्रपणे हिशेब करतो, तू तिथे कर, आणि मग दोघांचं जुळतं का ते पाहू.

आईला नमस्कार सांग. आगाशीहून सुकेळी आली असतील तर माझा वाटा बाजूला ठेवायला सांग.

तुझा,
मामा